चार हातांचं गिरमिट

मित्रांनो, परभणीहून पोखर्णीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक गाव आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण जी चूक मी सांगणार आहे ती चांगल्या मनानं झालेली होती. त्या गावच्या शाळेत सामानाची एक खोली आहे. तिच्या दाराआड एक लोखंडी दांडा उभा आहे. डोक्यावर आडवी मूठ, पायाशी पिळाचं पातं. पावसाळ्यात मुली त्याला ओल्या पिशव्या अडकवतात. तो दांडा म्हणजे मी, जमिनीचं जुनं गिरमिट.

सुताराकडचं गिरमिट तुम्ही पाहिलं असेल. ते लाकडाला भोक पाडतं, मी जमिनीला पाडतो. घर बांधण्याआधी खाली काय आहे ते पाहायचं असेल तर मला जमिनीत फिरवत न्यायचं, हातभर गेलं की वर ओढायचं. माझ्या पिळात अडकून जी माती वर येते तेच माझं बोलणं. दुसरी भाषा मला येत नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण माझी सगळी कहाणी तिच्यावरच फिरते. माझी मूठ चांगली चार फूट लांब आहे. ती एका माणसासाठी केलेलीच नाही. एकानं या टोकाला धरायचं, दुसऱ्यानं त्या टोकाला, आणि समोरासमोर तोंडं करून गोल फिरायचं. एकट्यानं फिरवलं तर मी कलतो आणि भोक वाकडं जातं. मला चार हात लागतात. आणि आज किती वर्षं झाली, मला दोनही मिळालेले नाहीत.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. माझं पातं लालभडक असताना त्याला पीळ दिला, ते मला आठवतं. दुखलं, पण तो पीळ नसता तर मी नुसती कांबच राहिलो असतो. मग पेंढ्यात गुंडाळून मला एका पेटीत घातलं आणि पेटी उघडली ती थेट बर्फात. हिमालयातल्या एका खोऱ्यात लष्कराच्या बराकी बांधायच्या होत्या. तिथं माझ्या मुठीला पहिला हात लावला तो मार्तंड नावाच्या जवानानं. हा मार्तंड परभणीचा, उन्हात वाढलेला. पहिल्याच हिवाळ्यात त्यानं हातमोजे काढून मला धरलं आणि त्याची बोटं माझ्या लोखंडाला चिकटली. ओढून काढली तेव्हा कातडीचा एक तुकडा माझ्याकडेच राहिला. तेव्हापासून आम्ही एकमेकांचे झालो म्हणा ना.

त्याच्या समोरच्या टोकाला एक पहाडी जवान असे. त्याला मराठी येत नव्हती आणि मार्तंडला त्याची बोली कळत नव्हती. पण एक दमला की दुसरा आपोआप थांबायचा. मुठीतून कळतं ते.

तिथली जमीन विचित्र होती. हिवाळ्यात तिच्या पोटातलं पाणी गोठायचं. पाणी गोठलं की फुगतं, आणि फुगलं की वरचं सगळं उचलून धरतं. एकदा घाई झाली म्हणून मला न विचारताच दीड फूट पाया घेऊन एक कोठार बांधलं. पौषात त्याचं दार अडकून बसलं, उघडेना. उन्हाळा लागून खालचा बर्फ सुटला तशी मागची भिंत खचली. एक म्हातारे साहेब होते, ते त्या भिंतीसमोर उभे राहून म्हणाले, "घर जमिनीवर बांधायचं नसतं. जमीन जिथं हलायची थांबते, तिथं बांधायचं."

मार्तंडनं ते वाक्य मनात कोरून ठेवलं. जमीन कुठं हलायची थांबते हे शोधणं, एवढंच माझं काम. तिथं दहा-बारा वर्षं मी ते केलं. त्या बराकी अजून उभ्या असतील. मला त्यांनी ओळखलं नाही तरी चालेल.

एकोणऐंशी साली मार्तंड निवृत्त झाला. त्याच महिन्यात पात्याची धार गेली म्हणून मलाही भंगारात काढलं. त्यानं अर्ज करून मला मागून घेतलं आणि आगगाडीनं घरी आणलं. मी बाकाखाली मावेना, म्हणून मला डब्यात उभं धरून तो बसला होता. चुडाव्याच्या स्टेशनात बोरांची पाटी घेऊन एक म्हातारी चढली. तिनं मला खालून वर पाहिलं.

"काय हो फौजी, तोफ आणली का काय घरी?"

"न्हाई मावशी, गिरमिट हाय. जमिनीत घालायचं."

"कशापायी?"

"जमिनीच्या पोटात काय हाय ते बघायला."

"अगं बाई! बायकोच्या मनात काय हाय ते बघत न्हाईत गडी, आन ह्ये जमिनीच्या पोटात बघायलेत!"

सगळा डबा हसला. मार्तंडही हसला. गावाकडची बोली इतक्या वर्षांनी कानावर पडली म्हणून त्याचे डोळे भरले होते, ते फक्त मला दिसलं.

परभणीला आल्यावर त्यानं घराच्या ओसरीवर पाटी लावली, 'येथे जमीन तपासून मिळेल.' आता परभणी म्हणजे शेतकी विद्यापीठाचं गाव. तिथं माती तपासणं याचा एकच अर्थ. शेतकरी रुमालात माती बांधून यायचे आणि विचारायचे, "साहेब, सांगा, हिला युरिया किती टाकू?" मार्तंड त्यांना पाणी द्यायचा आणि विद्यापीठाची वाट दाखवायचा. त्याची बायको सुमंगलाबाई आतून म्हणायची, "पाटीवर 'खताचं इचारू नये' असं मोठ्या अक्षरात लिव्हा आधी." पण घर बांधणारं माणूस काही यायचं नाही. घराचा पाया म्हणजे कंबरभर चर, हे सगळ्यांना ठाऊकच होतं. त्यात विचारायचं काय?

दोन वर्षं मी ओसरीच्या कोपऱ्यात उभा होतो. सुमंगलाबाई माझ्या मुठीवर मिरच्यांच्या माळा वाळत घालायची. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मिरच्यांचा वास मला आवडायचा. पण जमिनीची आठवण यायची.

मग एक्क्याऐंशीच्या चैत्रात किशनराव आले. त्या गावचे मोठे शेतकरी. डोक्याला पटका, आवाज भरदार, पण बोलताना नजर कुठंतरी लांब. त्यांची अकरा वर्षांची लेक लीला शेजारच्या गावच्या शाळेत चालत जायची. मधे ओढा होता. एका दुपारी ओढ्याला एकाएकी पूर आला आणि लीला घरी आली नाही. त्या दिवसापासून किशनरावांनी एकच धरलं होतं, गावातल्या पोरींना ओढा ओलांडावा लागू नये. गावातच शाळा, आणि शाळेवर लीलाचं नाव. दगडसुद्धा त्यांनी आधीच घडवून घेतला होता.

"शाळेच्या मंजुरीच्या कागदात एक कलम हाय," ते मार्तंडला म्हणाले. "जमीन तपासल्याचा दाखला पायजे म्हणं. तेवढा द्या. जमिनीचं तुमी काय तपासणार? माझ्या समद्या रानात ती एक नंबर हाय. लय भारी जमीन."

हा 'भारी' शब्द लक्षात ठेवा. आपल्याकडं काळ्या, खोल, कसदार जमिनीला 'भारी' म्हणतात आणि मुरमाड, उथळ जमिनीला 'हलकी'. कापसाला भारी, जवारीला भारी. मग लेकीच्या नावाच्या शाळेला बाप भारी सोडून दुसरं काय देणार?

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या रानात गेलो. उन्हानं जमीन अशी तडकली होती की किशनरावांचा सालगडी मुंजाजी यानं भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत गेला. माझ्या एका टोकाला मार्तंड, दुसऱ्या टोकाला मुंजाजी. पाणी ओतल्याशिवाय मी आत जाईना, म्हणून बौद्धवाड्यातल्या बायनाबाईला पाण्याच्या कामावर बोलावलं होतं. ती घागर आणायची आणि वरून, लांबूनच, भोकात धार सोडायची. माझ्या मुठीला तिचा हात लागू द्यायचा नाही, हे कुणी तिला सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नव्हती.

ते दिवस तसेच होते. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्यावरून दोन-तीन वर्षांपूर्वी इकडं दलितांची घरं जळाली होती. या गावात काडी लागली नाही. पण गावाचं आणि बौद्धवाड्याचं येणं-जाणं, सणावारी हाक मारणं जे थांबलं ते थांबलंच.

मी खाली गेलो. तीन फूट, काळी. सहा फूट, काळी. मार्तंडनं मला एकाला एक नळ्या जोडल्या. बारा फूट गेलो आणि वर येताना पात्यात तीच काळी, चिकट, लोण्यासारखी माती. तीन भोकं पाडली, तिन्हीत तेच. आणि मला आत असताना जाणवत होतं, मित्रांनो, ही जमीन त्या बर्फाच्या जमिनीची सख्खी बहीण आहे. ती थंडीनं फुगायची, ही पावसानं फुगते. ती उन्हाळ्यात सुटायची, ही उन्हाळ्यात आक्रसते. हलायची थांबते कुठं, ते मला बारा फुटांत सापडलं नाही.

मार्तंड घाम पुसत बायनाबाईला म्हणाला, "बाई, तुमची घरं कुणीकडं?"

"तिकडं, बरडावर."

"भितींना भेगा पडतात का?"

ती हसली. "आमच्या भितीला कशाची भेग पडती दादा? सासूच्या हातची भित हाय. तवा जशी व्हती तशी आता. भेगा गावातल्या माड्यांना पडत्यात."

मार्तंडनं मान वर करून बरडाकडं पाहिलं. गावाच्या उत्तरेला उंचवट्यावर ती मोकळी पडीक जमीन होती, किशनरावांचीच. कुसळाशिवाय तिथं काही उगवत नव्हतं. तिच्या पलीकडच्या कडेला बौद्धवाडा. तो मला घेऊन तिकडं निघाला. मुंजाजी जागचा हलला नाही.

"तिकडं न्हाई यायचा मी."

"का रे?"

"मालकानं ह्या रानाचं सांगितलंय."

मालकाचं नाव पुढं केलं, पण कारण मालक नव्हता. मार्तंड एकटाच मला बरडावर घेऊन गेला. एकट्यानं फिरवून पाहिलं. मी कललो, भोक वाकडं गेलं, पातं निसटलं. बायनाबाई घागर घेऊन दहा पावलांवर उभी होती. तिनं दोनदा पुढं यायला पाय उचलला आणि परत ठेवला. मार्तंडलाही तिला 'धरा' म्हणायचं सुचलं नाही. की धीर झाला नाही? माझा मालक भला माणूस होता, पण ते मी विसरलेलो नाही. त्या दिवशी चार हात तिथं होते.

शेवटी त्यानं कुदळीनं थोडं खरवडून मूठभर मुरूम घेतला. संध्याकाळी किशनरावांच्या ओसरीवर दोन काचेचे ग्लास मांडले. एकात दोन बोटं काळ्या मातीचा चुरा, एकात दोन बोटं मुरमाचा. दोन्हीत पाणी घातलं आणि म्हणाला, "उद्या बघा."

दुसऱ्या दिवशी गाव जमलं. मुरूम होता तिथंच बसला होता. काळी माती दोनाची चार बोटं झाली होती.

"बघितलं?" मार्तंड म्हणाला. "पाणी पिली की ही अशी वर येती. वरची भित बी संगं उचलती. ऊन पडलं की खाली बसती, भित बी बसती. शाळा बरडावर बांधा, किशनराव."

किशनराव ग्लासाकडं बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला.

"फुगली, कारण जित्ती हाय ती! माझ्या आज्यापासून पोसलंय हिनं आमाला. आन तुमी म्हणता लेकीची शाळा त्या मुरमाडावर बांधा? कुसळ उगवतंय तिथं."

"पीक येत न्हाई म्हणूनच भित उभी राहील."

"भारी सोडून हलकं देऊ? लीलीच्या नावानं?"

"आन बरड त्यांच्या घरांना लागून हाय," गर्दीतून कुणीतरी हळूच म्हणालं. त्यावर कुणी काही बोललं नाही. होही नाही, नाहीही नाही.

मार्तंड म्हणाला, "मग इथंच बांधायची तर खाली मुरूम लागेपर्यंत जावं लागंल. पंधरा फूट, कदाचित जास्त."

"विहीर खणायची का शाळा बांधायची?" किशनराव म्हणाले आणि ओसरी हसली.

मार्तंडनं दाखल्यावर स्वच्छ लिहिलं, 'पाया उथळ ठेवल्यास इमारतीस धोका.' दाखला होता, एवढंच पाहिलं गेलं. तो फायलीत गेला. शाळा त्याच काळ्या रानात, तीन फूट पायावर उभी राहिली. दारावर दगड बसला, 'लीला विद्यामंदिर'. उद्घाटनाला मार्तंड गेला होता. घरी येऊन माझ्या शेजारी बराच वेळ बसला आणि माझ्या मुठीवर हात ठेवून म्हणाला, "आपलं कोण ऐकतंय, गड्या?"

दुसऱ्या उन्हाळ्यात मागच्या भिंतीला भेग पडली. मार्तंड गेला आणि भेगेवर आडवी काचेची पट्टी चुन्यानं चिकटवून आला. भिंत हलली तर काच तडकते, म्हणजे खोटं बोलता येत नाही. पाऊस पडला की भेग मिटायची. गाव म्हणायचं, "बुजली की!" मार्तंड सुमंगलाबाईला सांगायचा, "बुजली न्हाई ती. फुगलीय जमीन. उन्हाळ्यात परत उघडंल, आन जास्त उघडंल." तसंच झालं. काच फुटली की तो नवी लावायचा. अशा तीन काचा गेल्या.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात एक पोस्टकार्ड आलं. सत्यशीला नावाच्या नव्या बाईंचं. सुमंगलाबाईनं ते ओसरीवर मोठ्यानं वाचलं. 'काकांना नमस्कार. आपण लावलेली काच काल फुटली. पाऊस पडूनही भेग मिटत नाही, भिंतीतून पलीकडचा उजेड दिसतो. मी इथं नवीन आहे, माझं कुणी ऐकत नाही. माझी सहा महिन्यांची मुलगी शाळेतच झोळीत असते. आपण याल का?'

मार्तंडचे गुडघे तेव्हा गेले होते. तरी तो आला आणि मला घेऊन आला. त्यानं भिंतीपासून पंधरा पावलं मोजली आणि तिथं मला जमिनीत रोवलं. चिखल होता, एकट्यानं रोवता आलं. माझ्यापासून कडुलिंबापर्यंत दोरी बांधली. "या दोरीच्या आत एक बी पोरगी जाणार न्हाई," तो म्हणाला. बाईंनी लगेच वर्ग बाहेर काढला. लिंबाला ताडपत्री बांधली, खाली पोती अंथरली.

किशनराव तणतणत आले. "माझ्या लेकीच्या शाळेला तुमी पाचर मारली, मार्तंडराव! गाव हसायलंय मला."

मार्तंडनं दोरीची गाठ आणखी आवळली. सत्यशीलाबाई खडू हातात धरून उभ्या राहिल्या. वयानं लहान, अंगानं बारीक, आवाज मात्र ठाम. "काका, या पण कुणाच्या तरी लेकीच आहेत."

किशनराव आले तसे परत गेले. मार्तंड संध्याकाळच्या गाडीनं परभणीला गेला. मला तिथंच ठेवलं, राखणीला. जाताना त्यानं माझ्या मुठीवरून हात फिरवला. तो शेवटचा.

मित्रांनो, त्यानंतरचे एकोणीस दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस. बाईंनी झोळीचं एक टोक लिंबाच्या खोडाला बांधलं आणि दुसरं माझ्या मुठीला. लोखंड कधी कुणाची झोळी धरील असं कुणाला वाटलं असतं? झोळीत बाळ हललं की मी हलायचो. ते झोपलं की मी उभ्याउभ्या श्वास धरल्यासारखा थांबायचो. बाई फळ्यावर लिहीत असायच्या आणि एक हात मागं येऊन झोळीला झोका द्यायचा, तो झोका आधी मला लागायचा. त्या हाताला खडूचा आणि दुधाचा असा दोन्हींचा वास यायचा. दहा-बारा वर्षं बर्फ फोडला, बारा फूट काळी चिरली, पण इतकं हलकं ओझं मी कधी उचललं नव्हतं, आणि इतकं जपूनही.

विसाव्या दिवशी दुपारी पाऊस उघडला होता. मुली पाढे म्हणत होत्या. "बारा साही बहात्तर, बारा सत्ते..."

चौऱ्याऐंशी म्हणायच्या आत मागची भिंत बसली. पडली म्हणत नाही, बसलीच. आधी खाली, मग बाहेर. तिच्यामागं छप्पर. दगड घरंगळत माझ्यापासून चार पावलांवर येऊन थांबले. धूळ नव्हती, चिखलाचा धप्प आवाज फक्त. आणि मग झोळीतलं बाळ रडलं.

दोरीच्या आत एकही मुलगी नव्हती.

गाव धावत आलं. बायनाबाई धावत आली, तिची नात त्या वर्गात होती. तिनं नातीला पकडलं, चाचपून पाहिलं, एक धपाटा घातला आणि पोटाशी धरलं. किशनराव आले ते बोडक्या डोक्यानं. एकेका मुलीचं तोंड वर करून पाहत होते. सगळ्या मुली होत्या. तरी ते पाहतच होते, पुन्हा पहिलीपासून. बायनाबाईला तिची नात सापडली होती. किशनराव कुणाला शोधत होते ते तिथल्या प्रत्येकाला कळलं, म्हणून त्यांना कुणी थांबवलं नाही.

मग ते दगडांच्या ढिगात गेले. नावाचा दगड 'ली' आणि 'ला'च्या मधे दुभंगला होता. दोन तुकडे मांडीवर घेऊन ते चिखलात बसून राहिले.

शाळा देवळात भरू लागली. दोरी सुटली, झोळी गेली. मला उपटायचं कुणाला सुचलं नाही. मार्तंड येईल आणि नेईल, असं मला वाटत होतं. मी वाट पाहत उभा राहिलो. पौषात एकदा सत्यशीलाबाई आणि बायनाबाई माझ्याजवळ थांबल्या. बाई म्हणाल्या, "मार्तंडकाका गेले हो. छातीत कफ झाला होता." बायनाबाई म्हणाली, "बर्फात ऱ्हायलेला माणूस, आन आपल्या थंडीनं गेला." मग दोघी आपापल्या वाटेनं गेल्या.

मी एकटा त्या रानात उभा. पावसाळ्यात काळ्या मातीनं मला इतकं घट्ट धरलं होतं की वाटलं, हिला माझी माया आहे. माघात तिची पकड ढिली झाली. चैत्रात माझ्याभोवती बोटभर फट पडली आणि मी कललो. हेच तर आम्ही सांगत होतो. आता ऐकायला एक टिटवी होती, तीही माझ्या मुठीवर बसायची आणि उडून जायची.

एका सकाळी किशनराव आले. एकटे. त्यांनी मला दोन्ही हातांनी धरून उपसलं, खांद्यावर टाकलं आणि गावाच्या मधून चालत निघाले. माणसं दारात येऊन पाहत होती. "मालक, गडी देऊ का संगं?" कुणीतरी विचारलं. किशनराव चालतच राहिले. ते बरडावर आले, बौद्धवाड्याच्या पहिल्या घरापाशी थांबले आणि हाक मारली.

"बायनाबाई!"

ती पदराला हात पुसत बाहेर आली.

"मार्तंडरावांच्या संगं तुमी पाणी घालीत व्हता ना? कसं फिरवत्यात ह्ये?"

तिनं एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "मालक, आज मला अवो-जावो करायलात."

"सांगा की."

"ह्याला समोरून कुणीतरी धरावं लागतंय. एकल्याचं न्हाई ते."

"मग धरा."

"माझा हात लोखंडाला चालंल, मालक. तुमाला चालंल का?"

किशनरावांनी माझी मूठ आडवी केली आणि एक टोक तिच्याकडं सरकवलं. तिनं धरलं. तिचा हात खरखरीत, गरम. दोघं फिरू लागली. पहिल्यांदा पावलं जुळेनात. ती पुढं, ते मागं, मी कललो. मग ती म्हणाली, "माझ्या पायाकडं बघा, मालक," आणि मोठ्या शेतकऱ्यानं तिच्या पायांकडं बघत पावलं टाकली. मी सरळ झालो.

दीड फूट गेलो असेन. पात्याखाली करकर असा आवाज आला आणि मी थांबलो. पुढं जाईना. किशनरावांनी जोर लावला. परत लावला. मग हात सोडून खाली बसले.

"अडलं," ते म्हणाले. "इथं बी नशिबात न्हाई."

बायनाबाई हसली. नातीला धपाटा घातला होता ना, तशीच माया होती त्या हसण्यात.

"अडलं न्हाई, मालक. लागलं."

मला वर काढलं. पिळात चिमूटभर पिवळा मुरूम होता, कोरडा, कडक. किशनरावांनी तो तळहातावर घेतला, चोळला, नखानं खरवडला. ज्या जमिनीला सगळी हयात हलकी म्हटलं तिच्यातलं ते एवढंसं. त्यांनी ते पटक्याच्या पदरात बांधलं, घरी नेण्यासाठी. बायनाबाई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. तो तिनं जमिनीवर ठेवला नाही, हातात धरून उभी राहिली. त्यांनी तो घेतला आणि वरून न ओतता, तोंड लावून प्यायले.

शाळा तिथं झाली. सगळं गोड झालं असं सांगणार नाही. पहिल्या वर्षी गावातल्या बऱ्याच घरांनी मुली पाठवल्या नाहीत. मग एक आली, मग दोन. दगड तोच बसवला, दोन तुकडे जोडून. मधली रेघ दिसते अजून. गवंडी म्हणाला होता, वरून गिलावा करू. किशनराव म्हणाले, "राहू द्या. दिसू द्या."

आता चौऱ्याण्णव साल आहे. मराठवाडा विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव आलं, त्या दिवशी शाळेत साखर वाटली. झोळीतलं ते बाळ चौथीत आहे. भिंतीला मुंगी शिरेल एवढीही भेग नाही. आणि मी दाराआड आहे. हल्ली रस्त्यानं भोकं पाडायच्या मोठ्या गाड्या जातात. त्यांना समोरासमोर माणसं लागत नाहीत. माझ्या मुठीचा मधला भाग गंजलाय, पण दोन्ही टोकं अजून गुळगुळीत आहेत, हातांनी झालेली. कधी कधी वाऱ्यानं दार हलतं आणि मला वाटतं, कुणी आलं. मग कळतं, वाराच आहे.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागतो. घर बांधा, शाळा बांधा, पण आधी खालच्या जमिनीला विचारा. तिला भारी म्हणता की हलकी, हे तिला माहीत नसतं. आणि विचारायला मला न्यायला आलात तर आनंदानं येईन. माझं पातं घासून द्या, मुठीला थोडं तेल लावा.

फक्त एकटे येऊ नका. समोरचं टोक धरायला कुणालातरी हाक मारून या.